व्हॅम्पायर : तो की ती?

एका वाचकाने विचारलं आहे, 'व्हॅम्पायर' मराठीत पुल्लिंगी चालवायचा की स्त्रीलिंगी? आणि 'व्हॅम्प', म्हणजे सिनेमातली पुरुषांना नादी लावणारी बाई, हे त्याचंच स्त्रीलिंगी रूप ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 'डॉक्टर'सारखा चालवा. तो व्हॅम्पायर आला, ती व्हॅम्पायर आली.

दुसरं मात्र साफ चूक आहे, आणि सिनेमावर लिहिणाऱ्यांच्या तोंडून ती इतक्यांदा ऐकली आहे की आता राहवत नाही. स्त्रीलिंगी रूप हवंच असेल तर सर्बियनमध्ये 'वाम्पिरित्सा' आहे, जर्मनमध्ये 'वाम्पिरिन' आहे. 'व्हॅम्प' म्हणजे निव्वळ शेपूट तोडलेला 'व्हॅम्पायर'. तो बाईला चिकटला कसा, ही हकिगत मला फार प्रिय आहे. १८९७ साली, म्हणजे 'ड्रॅक्युला' कादंबरी आली त्याच वर्षी, चित्रकार फिलिप बर्न-जोन्सने लंडनमध्ये एक चित्र मांडलं : निपचित पडलेला पुरुष आणि त्याच्यावर ओणवलेली बाई. त्या चित्रासाठी कविता लिहिली त्याच्या मावसभावाने, मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने. दोन्हींचं नाव 'द व्हॅम्पायर'. पण कवितेत सुळे नाहीत, रक्त नाही, थडगं नाही. एका बेपर्वा बाईपायी सगळं उधळणारा एक मूर्ख आहे, एवढंच. कवितेच्या पहिल्या ओळीतून १९१५च्या मूकपटाने नाव घेतलं, त्यात नटी थीडा बारा गाजली आणि 'व्हॅम्प' सर्वतोमुखी झाला. तोच पुढे आपल्या हिंदी चित्रपटांत आला.

माझं मत असं, की शब्द तोडला तेव्हा अर्थाचाही लचका गेला. व्हॅम्पची शिकार पुरुषच, हे गृहीतच धरलं गेलं. मूळ कथांत असं काही ठरलेलं नव्हतं. पॉलिडोरीच्या कथेतला व्हॅम्पायर लॉर्ड रुथवेन (१८१९) बायकांचा बळी घेतो. शेरिडन ले फानूच्या कथेतली व्हॅम्पायर कार्मिला (१८७१–७२) तर मुलींवरच जीव टाकते. ऑस्ट्रियातल्या स्टिरियात, एकाकी वाड्यात राहणाऱ्या लॉराला ती कवटाळते, तू माझी आहेस म्हणते. लॉरा गोंधळते. हा मुलीचं सोंग घेऊन आलेला एखादा प्रियकर तर नसेल, अशी शंकासुद्धा तिच्या मनात येते. म्हणजे प्रश्नकर्त्याचा 'तो की ती' हा प्रश्न लॉरालाच पडलेला आहे! पुढे एका रात्री तिला आवाज येतो : तुझी आई तुला मारेकऱ्यापासून सावध करते आहे. मारेकऱ्यासाठीच्या 'असॅसिन' या इंग्रजी शब्दाला लिंग नाही, म्हणून समोर रक्ताने माखलेली कार्मिला दिसूनही लॉराला वाटतं, हिचाच खून होतो आहे. मराठीत 'मारेकरीण' लिहिलंत की रहस्य तिथेच फुटलं. 'मारेकरी'च ठेवा.

राहता राहिले 'व्हॅम्पायर म्हणजे वेताळ' लिहिणारे. त्यांचा आधार इंग्रज लेखक रिचर्ड बर्टन, ज्याने १८७० साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी छापताना वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. बर्टन कितीही भाषा जाणत असो, इथे तो चुकला. 'वेताळपंचविशी'तला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो, राजाच्या खांद्यावरून पळतो; विक्रमाच्या गळ्याला तो दात लावत नाही. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. गोव्यातल्या लोलये गावात त्याची भव्य नग्न पाषाणमूर्ती उभी आहे. त्याला रक्तपिपासू म्हणून गावकऱ्यांसमोर उभं राहून दाखवा. आणि कार्मिलाला 'हडळ' करणाऱ्यांनो, हडळीच्या गोष्टीत झपाटणं मुख्य असतं, रक्त नव्हे. 'व्हॅम्पायर'च लिहा.