सासूबाईंना ओबोनच्या आधीच सांगा

फुकुओकाच्या सूनबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. सासरे मार्चमध्ये गेले, ऑगस्टमध्ये त्यांचा पहिला ओबोन, म्हणजे जपानातला पितरांचा सण, नवरा थोरला मुलगा आणि त्यानेही बाप्तिस्मा घेतलेला, सासूबाई म्हणतात बुत्सुदानपुढे उदबत्ती लाव आणि माझ्यानंतर हा पितरांचा देव्हारा तुम्हीच सांभाळा, तिकडे चर्चचे पाळक म्हणतात उदबत्ती अजिबात नाही, आणि नगरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेली तू रात्र रात्र जागी.

मला वाटतं सासूबाई तुझ्या येशूशी भांडतच नाहीयेत. जपानीत एक शब्द आहे, मुएनबोतोके, म्हणजे ज्याच्या मागे विचारणारं कोणी उरलं नाही असा मेलेला माणूस. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, मागे पाणी पाजायला कोणी नाही, तीच भीती ही. ही दोघं ख्रिस्ती, मग उद्या माझ्या थडग्याकडे कोण बघणार, एवढंच त्यांच्या मनात असेल. तिथल्या कायद्यातसुद्धा थडगं आणि बुत्सुदान बाकी इस्टेटीसारखं वाटून घेत नाहीत, जो पुढे विधी चालवणार त्याच्याकडे जातं, म्हणजे हे ओझं खरं तुझ्या नवऱ्याचं आहे, त्यामुळे आईशी त्याने बोलायचं, तू शेजारी बस. आणि बोलणं जुलैमध्येच होऊ दे, 13 ऑगस्टला सगळे नातेवाईक जमल्यावर हात मागे घेतलास तर तो सासूबाईंचा चारचौघांत अपमान होईल.

आता उदबत्तीचं. जपानच्या कॅथलिक बिशपांनी 1985 साली एक मार्गदर्शिका काढली, त्यात घरात बुत्सुदान ठेवायला, उदबत्ती लावायला मोकळीक दिली आहे. तुझं चर्च प्रोटेस्टंट, तिथे बरेच जण उदबत्तीऐवजी फूल वाहतात. तुझं मन उदबत्तीला तयार नसेल तर फूल वाहा, मान खाली घाल आणि सासऱ्यांच्या आयुष्यासाठी देवाचे आभार मान. हे मला पटतं, कारण तू त्यांच्याकडे काही मागत नाहीयेस, त्यांच्यासाठी आभार मानतेयस. बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नामान सेनापतीची गोष्ट आहे बघ, इस्राएलच्या देवावर विश्वास बसल्यावरही धन्याबरोबर रिम्मोन या दुसऱ्या देवाच्या देवळात वाकावं लागेल म्हणून तो आधीच माफी मागतो आणि अलीशा संदेष्टा त्याला शांतीने जा म्हणतो. पाळकांना ही गोष्ट घेऊन भेट, आदराने विचार. फक्त सासूबाईंपासून लपवून मनात वेगळंच काही करू नकोस, त्या माऊलीला खरं कळायला हवं.

बाकी सगळं मात्र हात राखून न ठेवता कर. थडग्याची साफसफाई, दगडावर पाणी, पाहुण्यांचा स्वयंपाक, पहिल्या ओबोनचा पांढरा कंदील टांगायला मदत. आणि नवऱ्याला सांग, आईला स्पष्ट शब्दांत म्हण की तुमच्या दोघांच्या थडग्याला आम्ही दरवर्षी येऊ. बुत्सुदान पुढे कुठे जाणार ते आत्ता ठरवू नका, त्या आहेत तोवर ते त्यांच्याच खोलीत राहू दे.

तुझी,
मावशी