ट्रेलरमधला जोकर सिनेमात नाही, म्हणून दावा लावता येईल का?

प्रश्न : 2016 साली ‘सुसाइड स्क्वाड’ या खलनायकांच्या टोळीवरच्या सिनेमाचे ट्रेलर आले तेव्हा मी शाळेत होतो. ते ट्रेलर मला अजून पाठ आहेत. सिनेमा मात्र तेव्हा राहून गेला. गेल्या महिन्यात ओटीटीवर भाड्याने घेऊन पाहिला, तर जेरेड लेटोच्या जोकरचे ट्रेलरमधले कितीतरी प्रसंग गायब. काजळलेल्या चेहऱ्याने ‘बाय बाय’ म्हणणारा जोकर अख्ख्या सिनेमात नाही! ही फसवणूकच झाली ना? ग्राहक कोर्टात जाता येईल का? पुरावा म्हणून सिनेमा पुन्हा भाड्याने घेऊन स्क्रीन रेकॉर्ड करू का? दुसरं, याच विषयावर मी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला. त्यावर स्टुडिओचा कॉपीराइट क्लेम आला आहे. शिवाय एका मराठी समीक्षक बाईंनी या सिनेमाचे वाभाडे काढले होते. व्हिडिओत मी रागाने म्हणालो, ‘हिला मार्व्हलवाल्यांकडून पाकीट मिळतं.’ (मार्व्हल म्हणजे हा सिनेमा ज्यांचा, त्या डीसी कॉमिक्सची स्पर्धक कंपनी.) त्यांचा मोबाइल नंबर दाखवून ‘विचारा हिला जाब’ असंही म्हणालो. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत व्हिडिओ काढा, जाहीर माफी मागा, पाच लाख रुपये द्या. काका म्हणतात पोलीस उचलून नेतील. ही नोटीस मनावर घ्यायची का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या तीन पानी पत्रातली अडीच पानं जोकरवर आहेत आणि नोटिशीचा उल्लेख शेवटच्या पाच ओळींत आलाय. मी उत्तर उलट्या मापाने देणार आहे. जोकरच्या बाबतीत तुमच्या हाती काही लागणार नाही. नोटीस मात्र खरी आहे आणि तिची मुदत चालू झाली आहे.

तरी आधी जोकर, कारण तो विषय काढून टाकल्याशिवाय तुमचं चित्त पुढे लागायचं नाही. असं वाटणारे तुम्ही पहिले नाही. सिनेमा लागला त्याच आठवड्यात ब्रिटनमधल्या एका चाहत्याने जोकरचे कापलेले प्रसंग हीच तक्रार घेऊन वॉर्नर ब्रदर्स या सिनेमाच्या स्टुडिओवर दावा ठोकणार असं इंटरनेटवर जाहीर केलं होतं. घोषणेची जगभर बातमी झाली, एवढंच.

आपल्याकडे मात्र असं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्याची सुरुवात आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात झाली. 2016 मध्येच शाहरुख खानचा ‘फॅन’ आला. त्याच्या जाहिरातीत ‘जबरा फॅन’ हे गाणं दिवसरात्र वाजत होतं. एक शिक्षिका मुलाबाळांसह सिनेमाला गेल्या, तर सिनेमात गाणंच नाही. त्यांनी निर्मात्यांविरुद्ध ग्राहक तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने त्यांचं म्हणणं मान्य करून दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. मग निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 22 एप्रिल 2024 रोजी न्या. नरसिंह आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने हे सगळं रद्द केलं.

निकालाचा गाभा असा : ट्रेलर हा एकतर्फी प्रचार आहे, तो करारातला प्रस्ताव नाही. तिकीट काढताना जो करार होतो तो सिनेमा दाखवण्याचा असतो, ट्रेलरमधली प्रत्येक चौकट दाखवण्याचा नसतो. म्हणून सेवेत त्रुटी नाही. आणि अमुक गाणं सिनेमात असेलच असं खोटं विधान ट्रेलरने केलेलं नाही, म्हणून अनुचित व्यापारी प्रथाही नाही. शिवाय कलाकृतीत काय ठेवायचं आणि काय कापायचं, यात सेवा देणाऱ्याला बरीच मोकळीक असते, हेही न्यायालयाने बोलून दाखवलं. हा निकाल 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्याखालचा आहे आणि 2019 च्या कायद्यात ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ स्वतंत्रपणे आली आहे, म्हणून फट शोधणारे वकील तुम्हाला भेटतील. मी त्या फटीत माझ्या अशिलाचे पैसे घालणार नाही. तिथे अख्खं गाणं नव्हतं तरी दावा टिकला नाही. तुमच्याकडे जोकर सिनेमात आहे, फक्त तुम्हाला हवा तेवढा नाही.

अमेरिकेतलं एक प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण ‘पुन्हा भाड्याने घेऊ का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. ‘यस्टरडे’ या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये आना दे आर्मास ही अभिनेत्री होती, सिनेमात तिचा भाग कापलेला होता. दोन प्रेक्षकांनी प्रत्येकी सुमारे चार डॉलर देऊन तो ऑनलाइन भाड्याने घेतला आणि 2022 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओवर दावा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायाधीशांनी ट्रेलर ही जाहिरातच आहे असं म्हणून दावा पुढे जाऊ दिला. चाहत्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. पुढे एका फिर्यादीने, ती अभिनेत्री सिनेमात नाही हे माहीत असताना, तोच सिनेमा दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा भाड्याने घेतला आणि त्यावर दावा वाढवला. न्यायालय म्हणालं, हे नुकसान तुम्ही स्वतःच ओढवून घेतलंत. तो दावा बाद झाला आणि स्टुडिओच्या वकिलांची फीसुद्धा फिर्यादींच्या माथी आली. तर, नको. तुमच्या भाड्याची पावती हाच तुमचा पुरावा, आणि तोही लागणार नाही.

आता नोटीस. तुमचा व्हिडिओ मी पूर्ण ऐकला. समीक्षक बाईंबद्दल तुम्ही त्यात बरंच काही बोलला आहात आणि त्यातलं बहुतेक कायद्याला चालतं. ‘या बाईंना कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही’ हे तुमचं मत आहे. ‘हे परीक्षण वाचून वाटतं, सिनेमा अर्धाच पाहिला असावा’ हेही चालून जाईल. पण त्यानंतर पाकिटाचं वाक्य येतं, आणि ते मत नाही. ते विधान आहे : अमुक व्यक्ती पैसे घेऊन परीक्षण लिहिते. ज्याची रोजीरोटी विश्वासावर आहे त्याच्याबद्दल याहून वाईट बोलणं अवघड आहे.

अब्रुनुकसानीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. या कलमाला अपवाद आहेत. त्यातला एक नेमका तुमच्या-माझ्यासारख्या मतं फेकणाऱ्यांसाठी आहे : जी कृती तिच्या कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी समोर ठेवली, तिच्या गुणवत्तेबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत ही अब्रुनुकसानी नाही. परीक्षणही लोकांसमोर ठेवलेलीच कृती आहे, म्हणून परीक्षणाला तुम्ही खुशाल झोडपा. कायद्याने दिलेलं उदाहरण वकिलीच्या पहिल्या वर्षी वाचलं तेव्हापासून मला आवडतं. ‘झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, झेड दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे’ असं सद्भावनेने म्हटलं तर चालतं, कारण झेडबद्दलचा अंदाज पुस्तकातूनच काढलाय. पण ‘झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आहे यात नवल नाही, कारण झेड माणूसच दुबळा आणि बाहेरख्याली आहे’ असं म्हटलं की अपवाद संपला. इथे पुस्तकाबाहेरची गोष्ट माहीत असल्याचा आव आहे. तुमचं पाकीट या दुसऱ्या वाक्यात बसतं.

‘पण हे तर सगळेच म्हणत होते’ असं तुम्ही लिहिता. म्हणत होते खरं. 2016 मध्ये डीसीच्या चाहत्यांचा समीक्षकांवर एवढा राग होता की सिनेमा लागायच्या आधीच ‘रॉटन टोमॅटोज’ हे परीक्षणं गोळा करणारं संकेतस्थळ बंद करा म्हणून ऑनलाइन अर्ज फिरला आणि त्यावर हजारोंनी सह्या केल्या. (गंमत म्हणजे त्या संकेतस्थळात तेव्हा खुद्द वॉर्नर ब्रदर्सचीच भागीदारी होती. खलनायकांच्या चाहत्यांना खलनायक शोधायचाच होता, तर घर जवळ होतं.) पण हजारांनी केलेली अफवा ही अफवाच राहते. दुसऱ्याचं विधान तुम्ही पुन्हा केलंत की ते तुमचं होतं. खरेपणाचा बचाव घ्यायचा तर पैसे दिल्याचा पुरावा लागेल, आणि फौजदारीत त्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागेल. तुमच्याकडे तसला कागद नाही हे तुमच्या पत्रातूनच कळतं.

काकांना सांगा, पोलीस या नोटिशीवरून उचलून नेणार नाहीत. इंटरनेटवर लिहिल्याबद्दल सरसकट अटक व्हायची ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ खाली. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या पोस्टमुळे अटक झाली, त्यावरून वादळ उठलं, आणि 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. अब्रुनुकसानी अदखलपात्र (म्हणजे पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत असा गुन्हा) आणि जामीनपात्र आहे. त्या बाईंना स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 223 प्रमाणे दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. दिवाणी दावा मात्र वेगळा चालू शकतो. त्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष.

पण काका पूर्ण चुकलेले नाहीत, आणि त्याचं कारण पाकीट नसून मोबाइल नंबर आहे. तुमच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट मी वाचल्या. त्यातल्या काही इथे छापण्याजोग्या नाहीत. स्त्रीच्या लज्जेला धक्का देणारे शब्द हा न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे. धमकीसाठी कलम 351 आहे. ते शब्द तुमचे नाहीत, पण ज्यांनी लिहिले त्यांना नंबर तुम्ही दिलात आणि ‘विचारा जाब’ही तुम्हीच म्हणालात. समोरचा वकील हुशार असेल तर पाच लाखांचा आकडा तो पाकिटावर कमी आणि या कॉमेंटवर जास्त उभा करेल. मी असतो तर तेच केलं असतं.

म्हणून आज रात्री करायचं ते असं. आधी व्हिडिओची मूळ फाइल, अपलोडची तारीख दिसणारं पान आणि सगळ्या कॉमेंट जशाच्या तशा जपून ठेवा, म्हणजे पुरावा पुसल्याचा आरोप नको. मगच व्हिडिओ खासगी करा. पाकिटाचं वाक्य आणि नंबर कापून बाकीचा पुन्हा टाकायचा मोह होईल. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत थांबा. ‘मला नोटीस आली, मला गप्प करतायत’ असा दुसरा व्हिडिओ तर मुळीच नको. त्या बाईंना फोन किंवा मेसेज करून थेट माफीही मागू नका, चांगल्या मनाने केलात तरी तो आणखी एक स्क्रीनशॉट होतो.

उत्तर वकिलामार्फत, पंधरा दिवसांच्या आत, स्पीड पोस्टाने. नोटिशीला उत्तर देण्याची कायद्याची सक्ती नाही, पण गप्प राहिलात तर उद्या न्यायालयात त्याचा उल्लेख होणार. ‘हक्कांना बाध न आणता’ अशी सुरुवात करून मसुद्यात साधारण एवढं असावं : व्हिडिओ काढला आहे, पैसे घेतल्याबद्दलचं विधान कोणत्याही माहितीवर आधारलेलं नव्हतं आणि ते मी मागे घेतो, नंबर दाखवायला नको होता, त्याबद्दल दिलगीर आहे, परीक्षणाशी मात्र मी असहमत आहे आणि तसं म्हणण्याचा मला अधिकार आहे, पाच लाखांची मागणी अमान्य. यातलं शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. माफी पाकिटाची मागायची आहे, सिनेमा आवडल्याची नाही. चॅनेलवर एक छोटं निवेदन टाकायची तयारी दाखवलीत तर माझा अंदाज आहे की पैशांची मागणी तिथेच मिटेल. अशा नोटिशीत आकडा बहुधा बोलणी सुरू करण्यासाठी असतो.

राहिला कॉपीराइट. तुम्हाला ‘क्लेम’ आलाय, ‘स्ट्राइक’ नाही. यूट्यूबवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट भंगाबद्दल चॅनेलवर बसलेला ठपका; नव्वद दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(अ) खाली टीका किंवा परीक्षणासाठी केलेला उचित वापर माफ आहे. पण केरळ उच्च न्यायालयाने 1996 च्या सिव्हिक चंद्रन खटल्यात पाहिलं तसंच कोणतंही न्यायालय पाहील : किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि मूळ कृतीशी ते स्पर्धा करतं का. दहा सेकंदांचा जोकर दाखवून त्यावर दोन मिनिटं बोललात तर मी तुमच्या बाजूने लढेन. तुमच्या व्हिडिओत बेल रेव्ह तुरुंगाचा अख्खा प्रसंग अखंड चालू आहे आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तुम्ही अधूनमधून ‘अरे यार’ म्हणता. यावर आक्षेप नोंदवू नका. व्हिडिओ खाली येणारच आहे, त्याच्यासोबत हाही विषय जाऊ द्या.

नोटिशीचा लिफाफा फेकला नसेल तर शिक्क्यासकट जपा, पंधरा दिवस तो तुमच्या हाती आल्या तारखेपासून मोजायचे आहेत. आणि वकील नाशिकमधलाच करा. सिनेमात ती टोळी उभी करणारी सरकारी अधिकारी, व्हायोला डेव्हिसची अमांडा वॉलर, त्या अख्ख्या टोळीपेक्षा मोठी खलनायिका होती की नाही, यावर त्याच्याशी वाद घाला, पण फी ठरल्यावर.