भावाशी राजकारण बोलायचं थांबवू का?

प्रश्न : ताई, माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं राजकारणावर बोलणं निघालं की पाच मिनिटांत आवाज चढतात. परवा विषय होता शिक्षकांचा पगार मुलांच्या निकालावर ठरवावा का, हा. तो म्हणाला, “तुम्हा लोकांना काम न करता पगार हवा.” मी शिक्षिका आहे. शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून अबोला आहे. मी त्याला आकडेवारी पाठवते, लेख पाठवते, तो वाचतच नाही. हे विषय कायमचे बंद करावेत का?

उत्तर : बंद करू नका. तुम्ही दोघं थांबलात, तर दोघांनाही आपापल्या बाजूचीच माणसं भेटत राहतील आणि दोघंही अधिक हट्टी व्हाल. तो लेख वाचत नाही याचाही राग सोडा. भांडण पेटलेलं असताना पाठवलेला लेख कोणी माहितीसाठी उघडत नाही. त्यात खोट कुठे आहे, एवढंच शोधलं जातं. त्याने पाठवलेले लेख तुम्ही कसे वाचता, ते एकदा आठवून पाहा.

मीही शाळेत शिकवलं आहे आणि निकालावर पगार या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. आमचे गणिताचे सर तितकेच ठाम समर्थक होते. एकदा मोकळ्या तासाला मी त्यांना विचारलं, “सर, समजा उद्यापासून हे लागू झालं. मागच्या वर्गात कच्ची राहिलेली मुलं तुमच्या तुकडीत आली, तर तुमचा पगार कसा ठरवायचा?” ते म्हणाले, “वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी घ्यायची, शेवटी एक. फरक मोजायचा.” मी म्हटलं, “आणि चित्रकलेच्या बाईंचा?” ते जरा थांबले. “त्याचा विचार करावा लागेल.” मग त्यांनी मला धरलं, “पगार सगळ्यांना सारखा, मग जो वर्षभर नीट शिकवतच नाही, त्याला तुम्ही कसं सुधारणार?” मी म्हणाले, मुख्याध्यापकांनी वर्गात बसून पाहावं. “त्यांना वेळ कुठे असतो?” सरांनी लगेच विचारलं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. आमची मतं त्या दिवशी तसूभरही हलली नाहीत. पण वर्गात बसून पाहायचं कोणी, किती वेळा आणि मुलांना कळू न देता कसं, यावर आम्ही घंटा होईपर्यंत बोलत होतो. एरवी त्याच वेळात आम्ही एकमेकांना कामचोर आणि निर्दय ठरवलं असतं.

‘तुला असं का वाटतं?’ म्हटलं की माणूस आपल्या मताची कारणं पुढे करतो, आणि ती त्याला तोंडपाठ असतात. ‘हे प्रत्यक्षात कसं चालेल?’ असं विचारलं की त्याला पायरीपायरीने सांगावं लागतं. फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना काही धोरणांबाबत हेच विचारलं होतं. शिक्षकांचा कामगिरीवर पगार हे त्यांतलंच एक. धोरण कसं चालतं हे समजावून सांगायला लागल्यावर आपल्याला वाटत होतं तितकं ते कळलेलं नाही, असं लोकांच्या ध्यानात आलं, आणि त्यांची मतंही थोडी मवाळ झाली. पुढे इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा मतं मवाळ झाल्याचं दिसलं नाही; समजेबद्दलची खात्री मात्र तेव्हाही कमी झाली. म्हणून भाऊ तुमच्या बाजूने येईल, या आशेने हे करू नका. त्याच्या मनात उत्सुकता जागी झाली तरी पुष्कळ.

एक जपा. हा प्रश्न वकिली सुरात विचारलात तर ती उलटतपासणी होईल. आधी स्वतःला विचारा : सध्याची पद्धत चांगली, असं मी म्हणते, तर वाईट शिकवणाऱ्याचं त्या पद्धतीत काय होतं? तुमच्या उत्तरातली फट तुम्हीच त्याला दाखवा. आणि खंडन सुरू करण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट मांडायची जुनी शिस्त पाळा. “दादा, तुझं म्हणणं असं ना, की मन लावून शिकवणाऱ्याला आणि पाट्या टाकणाऱ्याला सारखाच पगार मिळतो, हा मन लावणाऱ्यावर अन्याय आहे?” तो “हो, अगदी हेच” म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं म्हणणं समोरच्याला कळलंय, याची खात्री पटल्याशिवाय माणूस ऐकायला लागत नाही.

मग अनुभवाकडे या. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते मतदारांच्या दारात जाऊन तृतीयपंथी व्यक्तींविषयी साधारण दहा मिनिटं बोलले, दोष न देता. मतदाराला स्वतःचा अनुभव आठवायला लावला आणि तो ऐकून घेतला. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो फरक टिकून होता. याच दोघांच्या २०२० मधल्या प्रयोगांत अशी देवाणघेवाण वगळून नुसते मुद्दे मांडले, तेव्हा परिणाम दिसला नाही. तुमच्या भावाला शाळेत कोणते शिक्षक भेटले, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय? त्याच्या रागाचं मूळ कदाचित तिथेच असेल.

हे सगळं दोघंच असताना बोला. चार जणांसमोर, किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, “हे मला माहीत नव्हतं” म्हणणं फार जड जातं.

आणि “तुम्हा लोकांना” हे शब्द पुन्हा आले, तर गिळून टाकू नका. शांतपणे सांगा, “दादा, समोर मी एकटी आहे. मी काम करत नाही असं तुला वाटतं का?” बहुतेक तो “तुझं नाही म्हणत” असं म्हणेल, आणि बोलणं पुन्हा माणसावर येईल. तरीही तो अपमान करत राहिला, तर “आज इथेच थांबू” म्हणून उठा. अबोला मात्र तुम्हीच मोडा, आणि तो राजकारणाने नव्हे, त्याच्या तब्येतीच्या चौकशीने.