पासबुक पोरीच्या हातात दे

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं ओरडणंच झालं असतं म्हणून सकाळी चहा घेऊन बसलेय. सुकन्या समृद्धीची, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेची, वेळ हुकली म्हणून किती जीव जाळशील? ते खातं मुलगी 10 वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं, आपली आता 11 ची झालीये, विषय संपला. आणि त्या एजंटने दिलेले चाइल्ड प्लॅनचे कागद आधी बाजूला ठेव. तुला पोरीला गुंतवणूक शिकवायचीय ना, मग प्लॅन तू घेणार, सही तू करणार, हप्ता तुझ्या खात्यातून कटणार, यात ती शिकणार काय?

पासबुक तिच्या हातात दे.

31 वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसले मी. आईबाप पोराच्या नावाने आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम, भरायचे आणि पोरगं खाली उभं, डोळे कसेबसे काउंटरला पोचलेले, शिक्का कसा मारतात ते टाचा उंचावून बघतंय. मी पासबुक त्याच्याकडे धरलं की बापाचा हात मधे यायचा, "हरवेल हो तो". राग यायचा मला. आणि घरी मी तेच करत होते.

माझ्या लेकासाठी, म्हणजे तुझ्या धाकट्या भावासाठी, 15 वर्षं गुपचूप आरडी भरली. मोठा झाला की एकदम देऊ, आनंद होईल त्याला. 21 पूर्ण झाली आणि सगळी रक्कम दिली, आठ महिन्यांत ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरचा भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत, गेली. शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, तो त्यातलाच एक. तुम्ही सगळे त्याला बोललात, मीही बोलले. पण त्याने आयुष्यात 100 रुपये स्वतः साठवलेले नव्हते, कारण मी साठवू दिले नाहीत. आता तू म्हणशील आत्या तूच चुकलीस. घराचा हप्ता, सासूबाईंचं आजारपण, त्यातून पोटाला चिमटा काढून भरत होते रे, एक महिना चुकवला नाही. भरण्यात काही चुकलं नाही माझं, आजही तेच म्हणेन. लपवण्यात चुकलं.

म्हणून परत सांगते, पासबुक तिच्याकडे. 10 वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाने खातं काढता येतं, सही तिची, 500 रुपयांत सुरू होतं. व्याज 4 टक्के, म्हणजे 1000 वर्षभर ठेवले तर 40 रुपये, हसू नकोस. हे व्याज दर महिन्याच्या 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जो कमीत कमी बॅलन्स असतो त्यावर धरतात. हे तिला एकदाच सांग आणि गप्प बस, वाढदिवसाचे पैसे 10 तारखेच्या आत भरायला तीच तुझ्यामागे लागेल. मार्चअखेरीला व्याजाची एंट्री पडली की तिलाच वाचू दे, आणि त्या 40 रुपयांत गेल्या वर्षी किती वडापाव येत होते, आता किती येतात, तेही तिलाच मोजू दे. महागाई त्यात आली.

मग 100 रुपयांची आरडी, 5 वर्षांची. सध्या 6.7 टक्के आहे, 6000 भरून साधारण 7100 होतात. हप्ता चुकला तर 100 ला 1 रुपया दंड, तो तिच्या खाऊच्या पैशातून जाऊ दे, तू भरायचा नाहीस. आणि मधेच बचत खात्यातले पैसे काढून काहीतरी फालतू आणलं तर आणू दे! 300 रुपयांत चुकायचं हेच वय आहे, माझ्या लेकाला ते मिळालं नाही.

शेअरचं घाईने नको. लहान मुलांचं डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, निघतं पण चालवायचं पालकांनीच, म्हणजे परत तुझाच हात मधे. बँकेपेक्षा जास्त कुठे मिळतं असं ती स्वतः विचारेल तेव्हा बसा दोघं.

दिवाळीत याल तेव्हा मला पासबुक दाखवायला सांग तिला. तिच्या दप्तरातून निघालं पाहिजे, तू तुझ्या खिशातून काढलंस तर मी बघणार नाही.

तुझी आत्या