उंची आणि वेढे सारखेच, तरी नवी स्प्रिंग कडक का लागते आणि नंतर बसते का?

तुम्ही म्हणता की हँडप्रेसची जुनी स्प्रिंग नमुना म्हणून देऊन तशीच करून घेतली. उंची, वेढे आणि बाहेरचा व्यास तोच, पण ती आधी फार कडक लागली आणि महिन्याभरात चार मिलिमीटर बसली. या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

कडकपणाबद्दल माझा पहिला संशय तारेवर. दाबाची स्प्रिंग दाबली की तार मुख्यतः पिळली जाते, म्हणून तारेचा व्यास चौथ्या घाताने बोलतो. वेढ्याचा सरासरी व्यास वाढला की स्प्रिंग त्याच्या घनाच्या प्रमाणात मऊ होते, आणि चालू (दाबताना प्रत्यक्ष काम करणारे) वेढे वाढले की सरळ त्या प्रमाणात. समजा जुनी तार १४ गेज (२.०३ मिमी), बाहेरचा व्यास १८ मिमी, चालू वेढे ८. हिला एक मिमी दाबायला साधारण ५.२ न्यूटन लागतात. दुकानात १३ गेज (२.३४ मिमी) होती म्हणून तीच गुंडाळली, तर ९.६ न्यूटन! डोळ्यांना फरक दिसत नाही. तार मायक्रोमीटरनेच मोजा, तीही गंज आणि रंग पॉलिश पेपरने काढून. टोकं मिटवून घासलेली असतील तर एकूण वेढ्यांतून दोन वजा करा, ते काम करत नाहीत. कापल्याने चालू वेढे कमी होतात, म्हणून स्प्रिंग कापून 'मऊ' होत नाही, उलट कडक होते.

खात्री करायची तर वजनकाट्यावर स्प्रिंग उभी ठेवून ड्रिल मशीनच्या स्पिंडलने दाबा, अर्थातच मशीन बंद ठेवून. सुरुवातीचे पाच मिमी सोडा, तेव्हा टोकं नीट टेकत असतात. पुढच्या दहा मिमीला काटा किती वाढला ते पाहा. वरच्या उदाहरणातल्या १४ गेजच्या स्प्रिंगला सव्वापाच किलो यायला हवेत, जाड तारेला पावणेदहा येतील. उंची मात्र स्प्रिंगचीच वर्निअरने मोजा, कारण काट्याची ताटलीही थोडी खाली जाते.

'जास्त पाणी पाजून (तापवून, मग विझवून) कडक करून देतो' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पोलादाचा शिअर मॉड्युलस, म्हणजे पिळायला ते किती विरोध करतं त्याचं माप, ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपासच राहतो, पाणी द्या नाहीतर देऊ नका. त्याने बदलते ती बसण्याआधी किती ताण सोसेल ती मर्यादा. स्टेनलेसची स्प्रिंग मात्र त्याच मापात दहा-बारा टक्के मऊच येते.

आता बसण्याचं. थंड तार गुंडाळली की तिच्यात ताण अडकून राहतो. तो काढला नाही तर पहिल्या काही दाबांतच उंची जाते. आयएस ४४५४ भाग १ (स्प्रिंगच्या तारेचं भारतीय मानक) ची तार मागा आणि गुंडाळल्यावर २३० ते २५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भट्टीत ठेवायला सांगा. गॅस टॉर्चने लाल केलेली स्प्रिंग परत करा, तिचा जीव गेलेला असतो. शिवाय मुद्दाम थोडी उंच गुंडाळून, वेढे एकमेकांना टेकेपर्यंत तीन वेळा दाबून, मग उरलेली उंची मापात आली पाहिजे. चार मिमी बसायचेच असतील तर ते कारखान्यात बसू देत.

झिंक प्लेटिंग शक्यतो टाळा. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत तारेत हायड्रोजन शिरतो आणि नंतर स्प्रिंग काही सूचना न देता तुटते. करायचंच असेल तर प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशाला निदान चार तास भाजून घ्या. हँडप्रेससाठी तेलाचा हात पुरेसा आहे.