शेताजवळ डिझेलचा टँकर उलटून तेल विहिरीत उतरलं. भरपाई सरकार देणार की कंपनी?

भरपाई ज्यांचा माल आणि ज्यांची गाडी त्यांच्याकडून. सरकारचं काम वेगळं: पंचनामा, पाण्याची तपासणी, वसुली. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील, त्यात कास्तकाराचा हंगाम जातो.

‘टायर फुटला, आमची काय चूक’ हे ऐकून घेऊ नका. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाच्या दाव्यांचं न्यायालय) कायद्यात अपघाताला चूक सिद्ध करायची अटच नाही. १९७४ च्या जल कायद्यातही नदी-नाल्यासोबत विहिरीचा स्पष्ट उल्लेख आहे.

आमच्या शेजारच्या वावरात हेच झालं. बादली वर आली तर पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय, दोराला डिझेलचा वास. बैलांनी तोंड लावलं नाही. पाहणीला आलेल्यांनी मोटर चालवली आणि म्हणाले, पाणी साफ आहे! अहो, तेल वर तरंगतं, मोटरला पाणी ओढून देणारा फूटव्हॉल्व्ह खाली असतो. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसांना वरच्या थराचाही नमुना घ्यायला लावा, तोही पंचनाम्यात नोंदवून. ते पाणी उपसून वावरात सोडू नका, माती खराब होते.

तलाठी आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोलिसांच्या नोंदीची प्रत जपा. विहीर, पीक, जनावरं, बाहेरून आणलेलं पाणी, सगळा खर्च लिहून ठेवा. दाद नाही मिळाली तर हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत असते, पण नमुना मात्र आजच घ्यायला लावा.