करिअर मार्गदर्शन : मायनिंगला जायचं, पण त्यातलं काय शिकायचं?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नाव छापू नका असं लिहिलं आहेस, म्हणून ते गाळलं आहे. वाचकांसाठी तुझं म्हणणं थोडक्यात सांगते. बारावी झाली, गणित आणि भौतिकशास्त्रात गुण चांगले आहेत, दगडमातीची ओढ लहानपणापासूनची. मायनिंग इंजिनिअरिंगला जावं असं मनात आहे. बाबांना जिवाची काळजी वाटते आणि 'मुलींचं ते क्षेत्रच नाही' असंही ते म्हणतात. मैत्रीण म्हणते, तू डोंगर पोखरणाऱ्यांत सामील होणार. शेवटी तू विचारतेस, खाणींमुळे देश खरंच समृद्ध होतो का, की मूठभरांचं भलं होतं आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसते खड्डे येतात?

तू जावंस, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हा शेवटचा प्रश्न मात्र सोडू नकोस. मायनिंगमधलं नेमकं काय शिकावं, हे त्याच्या उत्तरावरच ठरणार आहे.

दोन देश बघ. नाउरू हे पॅसिफिकमधलं जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. तिथलं फॉस्फेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परक्यांनी उपसलं. 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर काही काळ हा देश दरडोई उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांच्या पंक्तीत होता. पुढे फॉस्फेट सरत आलं, साठवलेला पैसा चुकीच्या गुंतवणुकीत बुडाला आणि बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग चुनखडीच्या ओबडधोबड सुळक्यांचा होऊन बसला. बोत्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीची होती, तरी खनिजाचा हक्क जमातीकडे न ठेवता देशाकडे देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. खाणकंपनीतला सरकारचा वाटा पुढे निम्म्यावर नेला, पैसा शाळा, रस्ते, दवाखान्यांत घातला आणि 1994 मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी पुला फंड सुरू केला. तिथेही सगळं आलबेल नाही. प्रयोगशाळेत हिरे बनायला लागल्यापासून खाणीतल्या हिऱ्यांची मागणी घटली आणि त्याची झळ त्या देशाला चांगलीच बसते आहे. तरीसुद्धा हिरे निघाल्यावर एक पिढी शिकली, हे खरं.

हे झालं सरकारांचं. इंजिनिअरच्या हातात काय असतं, ते मला तुला जास्त सांगायचं आहे.

तांब्याचं उदाहरण घे. आज अनेक खाणींत खनिजात तांब्याचं प्रमाण अर्धा टक्का किंवा त्याच्या आसपास असतं. म्हणजे 1000 किलो दगड फोडून, दळून, धुऊन हाती येणार 5 किलो. उरलेले 995 किलो पिठासारखा बारीक, पाण्यात कालवलेला गाळ. त्याला टेलिंग्ज म्हणतात. तो धरणामागे साठवतात, आणि खाण बंद झाली तरी ते धरण तिथेच राहतं, खाली माणसं राहत असली तरी.

25 जानेवारी 2019 ला ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्योला लोहखनिजाच्या खाणीचं असंच एक धरण दुपारी जेवणाच्या वेळी काही सेकंदांत कोसळलं. कामगारांचं कँटीन आणि कचेऱ्या त्याच्या खालच्याच अंगाला होत्या. 270 माणसं गेली. त्या धरणात काही वर्षं नवा गाळ टाकलाही जात नव्हता. जुन्याच गाळावर पाय रोवून भिंत टप्प्याटप्प्यानं उंच केलेली होती, आत पाण्याचा निचरा नीट नव्हता, आणि भिजलेला गाळ एकाएकी द्रवासारखा वाहू लागला. अशी रचना चिलीनं 1970 मध्येच बंद केली होती, कारण 1965 च्या भूकंपात एल कोब्रेचं धरण फुटून तिथे 200 हून अधिक माणसं दगावली होती. म्हणजे धोका माहीत होता. आणि ब्रुमादिन्योचं धरण स्थिर असल्याचं प्रमाणपत्र दुर्घटनेच्या काही महिने आधीच दिलं गेलं होतं. त्या कागदावर इंजिनिअरांच्या सह्या होत्या.

मुली, तुझ्या प्रश्नाचा गाभा मला त्या सहीत दिसतो. धरणाच्या पोटात बसवलेल्या पिझोमीटरवर पाण्याचा दाब वाचायचा, आकडा बसत नसेल तर 'बसत नाही' असं लिहायचं आणि उत्पादन थांबलं तरी सही करायची नाही, हे सांगणारा माणूस खाणीला हवा असतो. त्याला विषय पक्का यावा लागतो, नाहीतर वरिष्ठांपुढे त्याचं कुणी ऐकत नाही. चांगुलपणा पुरत नाही, मृदायांत्रिकी, म्हणजे माती आणि गाळ दाबाखाली कसे वागतात याचं शास्त्र, यावी लागते. या दुर्घटनेनंतर ऑगस्ट 2020 मध्ये टेलिंग्जसाठी पहिलं जागतिक मानक आलं. धरणाची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी ठरवणं त्यात आवश्यक आहे. तेव्हापासून या कामाच्या जाणकारांना मागणी आहे आणि तशी माणसं कमी पडतात.

पाण्याचंही तसंच. पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं उघडी पडून त्यांना हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, ते दगडातले धातू विरघळवतं आणि ओढ्यात उतरतं. एकदा सुरू झालं की शतकानुशतकं चालू शकतं. कोणता दगड आम्ल करेल हे खणण्याआधी नमुने तपासून कळतं, म्हणून तो वेगळा काढून झाकता येतो. हे काम भूरसायन आणि भूजलशास्त्र शिकलेल्यांचं.

आता बाबांचं. त्यांची काळजी रास्त आहे, खाणकाम धोक्याचंच आहे. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1995 चा 176 क्रमांकाचा करार त्यांना जरूर दाखव. जिवाला धोका आहे असं वाजवी कारणानं वाटलं तर जागा सोडून बाहेर येण्याचा हक्क त्यात कामगाराला दिला आहे. बायकांना जमिनीखाली कामाला बंदी घालणारा 1935 चा जुना करार त्याच संघटनेनं 2024 मध्ये रद्द केला. 'मुलींचं क्षेत्र नाही' हे एके काळी कायद्यातच होतं, त्यामुळे बाबांना दोष देऊ नकोस. ज्या देशात काम करशील तिथला कायदा मात्र आधी वाच.

मैत्रिणीला सांग की तिची तळमळ खरी आहे. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे विजेच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा सुमारे सहापट खनिजं लागतात, आणि त्यात पोलाद-ॲल्युमिनियम धरलेलंच नाही. जुना धातू वितळवून वापरणं उत्तमच. ॲल्युमिनियमची त्यात 95 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते. तरी वाढती गरज नुसत्या भंगारावर भागणार नाही. कुणीतरी खणणारच. नीट खणणारी माणसं त्यात असावीत एवढाच माझा आग्रह आहे.

अभ्यासक्रम निवडताना मूळ पदवी मायनिंगची किंवा भूशास्त्राची घे. 'शाश्वत' वगैरे शब्द नावात असलेल्या पदव्यांच्या मागे आधीच धावू नकोस. रॉक मेकॅनिक्स, व्हेंटिलेशन, सर्व्हे आणि मिनरल प्रोसेसिंग पक्कं झाल्याशिवाय पर्यावरणावर बोललेलं खाणीत कुणी मनावर घेत नाही. तिसऱ्या वर्षापासून टेलिंग्ज, भूजल किंवा खाण बंद करण्याचं नियोजन यातलं एक धर. माझा कल शेवटच्याकडे आहे, कारण खाण सुरू करायला शिकवणारे पुष्कळ भेटतील.

आणि खाणीवर इंटर्नशिपला जाशील तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी मागून बघ: खाण बंद करण्याचा आराखडा, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाचा हिशेब. शिकाऊ मुलीला सगळं दाखवणार नाहीत, पण असं काही आहे का आणि ते कोण सांभाळतं एवढं तरी सांगतील. कुणालाच सांगता आलं नाही, तर पुढची नोकरी दुसरीकडे शोध.